व्यंकटराव गार्डांची डुलकी

आमचे हे चुडाव्याच्या स्टेशनवर मास्तर होते. निजामाचा अंमल, सन एक्केचाळीस. दिवसाला गाड्या मोजक्याच, बाकी वेळ मोकळा. त्या वेळात हे कथा लिहीत, मासिकांना पाठवत, आणि त्या साभार परत येत. ऐकायला घरात मी एकटी. मी अर्ध्यावरच "छान आहे" म्हणून मोकळी व्हायचे. मला इतर कामं नव्हती का?

मग यांना व्यंकटराव सापडले. ते मालगाडीचे गार्ड. मेल पुढे जाईपर्यंत त्यांची गाडी दुपारी अर्धा तास आमच्याकडे थांबे. माणूस उर्दूत शिकलेला, मराठी वाचता येत नव्हतं. पण ऐकायची हौस दांडगी. लिंबाखालच्या बाकावर हे वाचत, ते ऐकत. आणि नदीचं वर्णन आलं की हमखास घोरत.

"अरसिक मनुष्य!" म्हणून हे घरी आदळआपट करायचे.

एकदा जागे झाल्यावर व्यंकटराव म्हणाले, "मास्तर, राग नका मानू. तुमची नदी लय लांबायलीय. गोष्टीतली ती बाई कवा यायची?"

हे दोन दिवस फुगून बसले. तिसऱ्या दिवसापासून मात्र, गार्डसाहेबांचा डोळा लागला की तिथे पेन्सिलीची रेघ, आणि घरी येऊन तेवढा मजकूर रद्द. मला हसू यायचं. पण कथा सुधारल्या, हे मान्य करते.

तरी आठवी कथाही परत आली. तेव्हा यांनी जाहीर केलं, "उद्या नवी कथा वाचतो. व्यंकटराव झोपले तर वही चुलीत." यांचा चेहरा थट्टेचा नव्हता.

दुसऱ्या दिवशी मीही बाकाजवळ जाऊन बसले. कथेतली यमुना मारकुट्या नवऱ्याचं घर सोडून पूर्णा नदीच्या काठी येते. नाव सुटायच्या बेतात. व्यंकटरावांचे डोळे टक्क उघडे! तेवढ्यात मेल धडधडत गेली. यांना वही मिटून मालगाडी सोडावी लागली.

चालत्या डब्याच्या दारातून व्यंकटराव ओरडले, "मास्तर, आवो, ती नावंत बसली का न्हाई?"

आमचे हे टोपी सांभाळत अख्खा फलाट धावले. "बसली! बसली!"

"लय बेस झालं!"

हे धापा टाकत परतले. डोळे भरलेले. माझेही भरले होते, लपवू कशाला?

"आणि पलीकडे उतरल्यावर?" मी विचारलं.

"ते अजून लिहायचंय," हे म्हणाले.