विजेवरचा चहा

रत्नागिरीत नुकतीच वीज आली होती. शेजारच्या हेडक्लार्कांनी लगेच मुंबईहून विजेची शेगडी आणवली. ओटीवर आल्यागेल्याला चहा द्यायचे आणि म्हणायचे, "धूर नाही, राख नाही. सगळा करंटचा कारभार!" चहाला वास मात्र नारळाच्या जळक्या सोडणांचा यायचा. शेगडीची तार जरा कुठे लाल झाली की वीज जायची, आणि आत त्यांची बायको फुंकणी घेऊन चुलीपुढे बसायची. कौतुक शेगडीचं, खोकला बायकोला!

महिन्यातून एकदा मात्र हे गृहस्थ पातेलं घेऊन आमच्या दारात हजर. "वहिनी, करंट गेलाय हो. आमचाही भात टाकाल?" करंट गेला की चार दिवस यायचा नाही, पाचव्या दिवशी बरोब्बर यायचा.

एकदा तिन्हीसांजेला भात द्यायला मीच गेले. त्यांच्या ओटीवरचा दिवा लख्ख जळत होता. बायको मागच्या पडवीत कोपऱ्यात वेगळी बसलेली. मी विचारलं, "काय गो, तुमचा करंट गेलाय ना?"

ती पदराआड हसली. "जातोय कुठे, वहिनी? करंटला शिवायचं नसतं ना, म्हणून इथे बसलाय."