काकाजींनी बसवलेले बोल्ट

धानाच्या रोवण्याचे दिवस होते. गुरांच्या डॉक्टरीणबाई दुपारी जीप घेऊन माझ्या शेडमध्ये आल्या, तेव्हा त्यांच्या हातात लोखंडाची एक जाड पट्टी होती. मागच्या वर्षी त्यांच्या जीपला मागून ओढायचा हुक आम्हीच बसवला होता, त्याची ती पट्टी. त्यांनी ती माझ्या टेबलावर ठेवली.

"भाऊ, सिहोऱ्याकडे एका बांदीजवळ, धानाच्या चिखलात जीप फसली होती. ट्रॅक्टरनं ओढायला लावली, तर हे निघून उडालं आणि ट्रॅक्टरच्या मडगार्डवर आदळलं. चालवणाऱ्याच्या डोक्यापासून वीतभर अंतरावर."

मी पहिलं वाक्य काय बोललो ते मला आजही आठवतं. मी म्हणालो, "ट्रॅक्टरवाल्यानं झटका दिला असेल, मॅडम."

त्या पट्टीकडे बोट दाखवून उभ्या राहिल्या.

पट्टीला चार भोकं होती. दोन रिकामी होती. तिथले बोल्ट ओढीत तुटले होते. उरलेल्या दोन भोकांवर मात्र बोल्टची डोकी जागच्या जागी होती. मी पट्टी उलटी केली. त्या डोक्यांखाली बोल्ट नव्हतेच. राखाडी पुट्टी होती, दोन रंगांच्या वड्या एकत्र मळून पाण्याच्या टाकीला लावतात तसली. मग मी जीपखाली शिरलो. दोन जागी चेसिसमध्ये अडकलेले तुकडे ताजे, चकचकीत होते. उरलेल्या दोन जागचे तुकडे तुटल्या जागी तपकिरी गंजलेले. म्हणजे ते बोल्ट या ओढीत तुटले नव्हते. वर्षापूर्वी, हुक बसवतानाच तुटले होते. कोणीतरी तुटलेली डोकी पुट्टीने भोकांवर चिकटवली होती आणि वरून काळा रंग मारला होता.

कोणीतरी म्हणजे कोण, हे मला माहीत होतं. ती जीप काकाजींनी केली होती.

काकाजी माझे कोणी नातेवाईक नव्हते. चिखल्याच्या खाणीजवळ खनिज वाहणाऱ्या ट्रकांचं एक खाजगी वर्कशॉप होतं, तिथे मी विसाव्या वर्षी कामाला लागलो आणि ते तिथले मोठे मिस्त्री होते. त्या ट्रकांच्या खालच्या अंगाला काळी भुकटी आणि पाणी यांचा असा थर बसायचा की एकही बोल्ट सरळ हातानं सुटायचा नाही. मी पान्याला पाइप लावून जोर करायचो आणि बोल्ट मोडायचो. काकाजी माझ्या हातातून पाना काढून घ्यायचे.

"भांडू नोको त्याच्याशी. आधी थोडा कस, मंग ढिला कर. ढिला नाही झाला तं डिझेल टाक आन् दुसरं काम पाह्य. तरी नाही आयकला तं गरम कर."

आणि तुटलाच तर? तर त्या तुकड्यावर नट वेल्ड करायचा आणि नट फिरवून तुकडा बाहेर काढायचा. तेही जमलं नाही तर तुकड्याच्या बरोबर मधोमध ड्रिल लावायचं, पोखरून काढायचा, नवे आटे पाडायचे. एका बोल्टात अर्धा दिवस जायचा. काकाजी तो तुकडा कधी फेकू द्यायचे नाहीत. "मालकाले दाखवाचा. तुटला तं तुटला म्हनून सांगाचं," म्हणायचे.

मी सगळं त्यांच्याकडूनच शिकलो. आमच्या वस्तीतल्या विहाराची ग्रील त्यांनी सुट्टीच्या दिवशी येऊन जोडून दिली होती. माझ्या लग्नात पाहुण्यांना वाढायला ते कमरेला पंचा बांधून उभे होते.

ते वर्कशॉप बंद पडलं आणि काकाजी घरी बसले. मी तोवर तुमसरच्या रस्त्याला स्वतःचं शेड टाकलं होतं. जंगलात, नदीकाठी, शेतात फिरणाऱ्या फोर-व्हील गाड्यांना दोर गुंडाळून ओढणारे विंच, ओढायचे हुक, फूटस्टेप, इंजिनाखालच्या संरक्षक प्लेटा बसवायचं काम. अशा गाड्यांचे जुने बोल्ट काढणं हेच त्यातलं निम्मं काम असतं. मी त्यांच्या घरी गेलो आणि म्हणालो, "काकाजी, चला. तुमच्याशिवाय होत नाही." ते आले. शेडमध्ये येणाऱ्या प्रत्येकाला मी त्यांच्याकडे बोट दाखवून सांगायचो, "काकाजींच्या हातून बोल्ट तुटत नाही." ते खाली बघून हसायचे.

डॉक्टरीणबाई पट्टी घेऊन आल्या त्या दिवशी ते सुट्टीवर होते. दुसऱ्या दिवशी आले तेव्हा ती पट्टी मी उलटी करून टेबलावर ठेवलेली होती. त्यांनी ती पाहिली, चष्मा काढला, शर्टाला पुसला, परत घातला.

"काकाजी, हे काय होय?"

"पुट्टी होय."

"कोनं लावली?"

"मीनं लावली."

"काहून?"

त्यांनी ड्रिल उचललं आणि त्याचं टोक एका बोल्टवर टेकवून दाखवलं. टोक थरथरत होतं. बोल्टच्या मधोमध टेकायच्या ऐवजी घसरून कडेला जात होतं.

"पाह्य. दीड वरीस झालं असं होऊन राहिलं. मधात टेकतच नाही."

"मंग मले सांगाचं ना, काकाजी. मी केलं असतं."

"तुले?" ते एकदम चिडले. "तूच तं येनाऱ्या-जानाऱ्याले सांगतं, काकाजीच्या हातून बोल्ट तुटत नाही म्हनून. मंग तुटला तं कोनाले सांगू मी?"

 मी रागावून उभा होतो आणि उलट मलाच अपराधी वाटायला लागलं. त्यांचं काही खोटं नव्हतं. मी त्यांना मोठं करून ठेवलं होतं आणि खाली उतरायला जागा ठेवली नव्हती.

"अजून कोनत्या गाडीत केलं असं?"

"नाही. हे एकच."

"खरं सांगा, काकाजी. माणसं मरतील."

ते पुढे आले आणि त्यांनी माझ्या डोक्यावर हात ठेवला. त्या हाताचं थरथरणं मला केसांत जाणवलं. "तुह्या डोक्यावर हात ठेवून सांगतो, बाबू. एकच."

मी विश्वास ठेवला. डॉक्टरीणबाईंच्या जीपचे चारही तुकडे मी स्वतः पोखरून काढले, नवे आटे पाडले, नवे बोल्ट कसले. त्यांनी विचारलं, "कोणी केलं होतं हे?"

"माझ्या शेडमध्ये झालं, म्हणजे मीच केलं, मॅडम."

"आणि बाकीच्या गाड्यांचं काय?"

"बाकीच्या ठीक आहेत," मी म्हणालो. एकही गाडी न तपासता म्हणालो. काकाजींचा शब्द मी माझा म्हणून त्यांना दिला.

त्यानंतर काकाजींकडे मी हलकी कामं दिली. माप घेणं, रंग मारणं, वायरिंग. तेही गुपचूप करत राहिले. आमच्यात त्या गोष्टीचं बोलणं पुन्हा झालं नाही. डबा आम्ही एकत्रच खायचो.

धान कापून झालं आणि सानगडीला माझ्या बहिणीकडे बारसं निघालं. आईला घेऊन मी माझ्याच जीपनं निघालो होतो. आईचे गुडघे गेलेले. त्या उंच गाडीत तिला चढता येत नाही म्हणून काकाजींनी दोन वर्षांपूर्वी आपणहून फूटस्टेप बनवला होता. घरी येऊन, आईला अंगणात उभं करून, तिचा पाय किती वर उचलतो ते टेपनं मोजून गेले होते. आईनं त्यांना चहा दिला होता आणि माझ्या बायकोला म्हणाली होती, पोटच्या लेकाला सुचलं नाही ते यांना सुचलं.

त्या सकाळी आईनं स्टेपवर पाय दिला, आणि स्टेप पुढच्या बाजूनं खाली आला. तिनं दार घट्ट धरलं म्हणून पडली नाही. पण नडगी घोट्यापर्यंत सोलली. लुगड्याला रक्त लागलं. तिला ओट्यावर बसवून, बायकोला पाणी आणायला सांगून मी गाडीखाली गेलो.

तीन बोल्टांचा स्टेप होता. मागचा एक खरा होता. पुढच्या बोल्टचं डोकं निघून अंगणात पडलं होतं. मधल्याला मी अंगठ्यानं दाबलं तर तेही हललं. राखाडी पुट्टी.

मी तसाच पाठीवर पडून राहिलो. आई बाहेरून हाका मारत होती, "अरे, बाहेर ये ना बाप्पा. काही नाही झालं मले." मला बाहेर येववत नव्हतं. गिऱ्हाइकाच्या गाडीत केलं, ते मी कसंबसं समजून घेतलं होतं. हात चालेना, लाज वाटली, लपवलं. पण हा स्टेप बसवला तेव्हा मी शेडमध्येच दहा पावलांवर काम करत होतो. नुसती हाक मारायची होती. आणि दीड वर्ष झालं म्हणून सांगितलं होतं, तेही खोटं. हा स्टेप त्याच्याही आधीचा. सगळ्यांत मोठी गोष्ट म्हणजे माझ्या डोक्यावर हात ठेवला तेव्हा हे दोन बोल्ट त्यांना ठाऊक होते. आई यावर पाय देते, हे ठाऊक होतं. तरी हात ठेवला.

आईला मी खरं सांगितलं. तिनं जखमेवर हळद दाबली. मग म्हणाली, "त्याले माहीत होतं ना, यावर मीच चढनार आहो म्हनून?"

"हो."

"मंग?" एवढंच ती बोलली. 

दुसऱ्या दिवशी काकाजी शेडमध्ये आले तेव्हा स्टेप टेबलावर होता. या वेळी मी काही विचारलं नाही. त्यांनीही स्टेपला हात लावला नाही. आपल्या खणातून गोटीपान्याचा जुना सेट काढला, तो कापडात बांधला.

"माझ्या डोक्यावर हात ठेवला होता तुम्ही," मी म्हणालो.

"हो." ते गाठ मारत होते. "तवा वाटलं, खरं सांगतलं तं तू काढून देशील."

गाठ त्यांना नीट मारता येत नव्हती. एरवी मी पुढे होऊन मारून दिली असती. मी उभा राहिलो. जाताना दारात थांबून त्यांनी विचारलं, "माय बरी हाये ना?" मी स्टेप उचलून टेबलाखाली ठेवला. ते रस्ता ओलांडून बसच्या थांब्यावर गेले आणि बस येईपर्यंत पाठमोरे उभे राहिले. मला वाटत होतं, ते एकदा वळून बघतील. बघितलं असतं तर मी बोलावलं असतं का, ते मला माहीत नाही.

मग मी फोन करायला बसलो. ज्या ज्या गाडीला काकाजींचा हात लागला होता, ते सगळे मालक. "तुमच्या गाडीचे बोल्ट तपासायचे आहेत, गाडी घेऊन या, तोवर विंच-हुक वापरू नका." कोणी आले, कोणी शिव्या दिल्या. मी प्रत्येक बोल्टच्या डोक्यावर लहान हातोडी मारून बघायचो. खरा बोल्ट टणकन वाजतो. चिकटवलेल्या डोक्याचा आवाज बसका येतो. एकदा कान सरावले की चूक होत नाही. जंगलात पर्यटक फिरवणाऱ्या एका गाडीत सापडले. एका धानाच्या व्यापाऱ्याच्या गाडीत, अगदी इंजिनाखालच्या प्लेटीत सापडले. प्रत्येक बसक्या आवाजाला वाटायचं, हा शेवटचा असेल. एका मालकानं माझा तो हातोडी मारतानाचा व्हिडिओ काढून गावभर पाठवला. पुढे कितीतरी महिने माझ्याकडे लोक फक्त हवा भरायला येत होते.

डॉक्टरीणबाईंना मी बोलावून सगळं सांगितलं. त्यांनी ऐकून घेतलं.

"त्या दिवशी तुम्ही म्हणाला होतात, बाकीच्या ठीक आहेत."

"हो, मॅडम."

"तुमच्या शब्दावर मी तीन जणांना इथे पाठवलं."

त्यांनी माझ्या हातातली हातोडी घेतली, वाकून आपल्या जीपचा एकेक बोल्ट स्वतः वाजवून बघितला आणि गेल्या. आवाज सगळे खरे होते, पण मला त्या वेळी मान वर करता आली नाही. माझ्याशी काकाजी जसे वागले, तसाच मी बाईंशी वागलो होतो. फरक एवढाच की मला ठाऊक नव्हतं. गाड्या तपासल्या असत्या तर कळलं असतं.

काकाजी मला त्यानंतर एकदाच दिसले, तुमसरच्या बाजारात. कांद्याच्या ढिगापाशी उकिडवे बसून कांदे निवडत होते. आणखी म्हातारे झाले होते. मला बघून उठले, कपडे झटकले. "कसं चालू हाये शेड?"

"बरं हाये."

 माझ्या मनात एकच गोष्ट कितीतरी दिवसांपासून कुरतडत होती. आता नाही विचारलं तर कधीच विचारणार नाही असं वाटून मी विचारून टाकली.

"काकाजी, चिखल्याले मी तुमच्यापाशी शिकत होतो, बत्ती धरून बसत होतो, तवाही करत होता काय असं?"

 मला 'नाही' ऐकायचं होतं. खोटं का होईना.

"आठवत नाही, बाबू," ते म्हणाले, आणि पुन्हा कांदे निवडायला बसले.