सेन्सर काढल्यावरही उतरेना तो ताप

लिंबू-मिरची, उतारा, अंगात येणं... मला ऐकूनच हसू येतं. विश्रामबागेत माझं गॅरेज आहे. गाडी आत आली की पुढे लटकवलेलं लिंबू मी आधी काढून ठेवतो. तरी आज हे लिहितोय, म्हणजे किती नाइलाजाने ते समजून घ्या.

मागच्या उन्हाळ्यात तासगावचा सचिन त्याच्या वडिलांची, आबांची, ऑटोमॅटिक गाडी सोडून गेला. गिअरबॉक्स तापल्याचा दिवा सारखा लागत होता. गाडी रात्रभर उभीच होती. सकाळी सचिन आल्यावर, इंजिन सुरू न करता स्कॅनर लावला. थंड गाडीत इंजिन आणि गिअरचं ऑइल, दोन्हींचं तापमान सारखं हवं. इंजिन एकतीस, ऑइल चाळीस! म्हटलं, सेन्सर गेला. नवा लावला — चाळीसच. वायरी तपासल्या, ठीक. शेवटी सेन्सरचा प्लगच काढून ठेवला. सेन्सर जोडलेलाच नसला की स्क्रीनवर उणे चाळीस यायला हवं. आलं एक्केचाळीस.

"गड्या, तुझ्या गाडीला ताप आलाय बघ," मी चेष्टेत म्हणालो.

सचिन हसला नाही. "आबास्नी कालपास्नं कणकण हाय. दवाखान्यात चला म्हटलं, तर बेदाणा वाळल्याबिगर शेड सोडत न्हाई म्हणत्यात."

त्याने फोन लावला. आबा उचलेनात. शेजारच्या शेडवाल्याला पळवलं. स्पीकरवर त्याचा आवाज आला, "आरं, आबा हितं पोत्यावर पडल्यात! अंग लय भाजतंय. बोलतबी न्हाईत!"

सचिन माझीच मोटारसायकल घेऊन सुटला.

मी स्क्रीनपुढून हललो नाही. बाकीच्या गाड्या खोळंबल्या, पण पाय निघेना. बऱ्याच वेळाने आकडा खाली यायला लागला. चाळीस... एकोणचाळीस... सदतीस झाले तेव्हा माझा जीव भांड्यात पडला. लगेच सचिनला फोन केला.

"उतरला का रं ताप?"

"व्हय, आत्ताच! सलाइन लावलंय. डोळं उघडलं आबांनी. पण तुमास्नी कुणी सांगितलं?"

काहीतरी थाप मारली आणि खुशीत चहा मागवला.

चहा येईपर्यंत छत्तीस. मग पस्तीस. मी स्कॅनर काढून पुन्हा लावला. "आबा, थांबा..." असं मोठ्याने म्हणालो — त्या स्क्रीनला! लाज वाटते, पण म्हणालो. आकडा चौतीसवर थांबला. दुपारच्या उन्हात इंजिनही चौतीसच दाखवत होतं. दोन्ही सारखे, म्हणजे माझ्या धंद्याच्या हिशोबाने गाडी ठणठणीत. सचिनला फोन करायचं धाडस होईना. थोड्या वेळाने त्याचाच आला.

तो दिवा पुन्हा कधी लागला नाही. जुना सेन्सर मीटरवर तपासला, चांगला निघाला. ओळखीच्या एका इंजिनिअरला विचारलं. तो म्हणाला, स्कॅनर बदला. बदलला. पण उत्तर काही मिळालं नाही.

सचिन सर्व्हिसिंगला येतो तेव्हा विचारतो, "तवा नक्की काय बिघडलं हुतं वं?" मी म्हणतो, सेन्सर. त्याच्या वडिलांचा जीव जाताना मी इथे आकड्यांत बघत बसलो होतो, हे त्याला कोणत्या तोंडाने सांगू?