मागे राहिलेल्यांचे आबा सर

आमच्या शिंदखेड्याच्या शाळेत आबा सर क्रीडाशिक्षक होते, पण शर्यत कोण जिंकलं हे पुष्कळदा त्यांनाच ठाऊक नसे. सगळी शाळा टाळ्या वाजवत पहिल्या नंबराकडे धावायची आणि सर सगळ्यांत मागे राहिलेल्याकडे चाललेले असायचे. रागवायला नव्हे. "का मागे राहिला, ते कळायला नको?" एवढंच म्हणत.

नववीत चारशे मीटरला शेवटची आले ती मी. धापा टाकत उभी होते, तर सर विचारतात, "तू सारखी मान डावीकडे का वळवत होतीस?"

"आतली रेघ दिसत नाही म्हणून."

त्यांनी मला उजवा डोळा तळव्यानं झाकायला लावला आणि समोर बोटं धरली. बोटं सोडाच, मला त्यांचा हातही धड दिसेना. सगळ्यांना असंच दिसतं, अशी माझी समजूत होती. दुसऱ्या दिवशी सर माझ्या वडिलांना, नानांना, आणि मला धुळ्याला डोळ्यांच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. डावा डोळा लहानपणापासून अधू होता; आता चष्म्यानंही फारसा फरक पडणार नव्हता.

परतताना एसटीत मी रडत होते. सरांनी खिशातला रुमाल माझ्या हातात दिला. मग म्हणाले, "रेघ कुठे पुसट झालीय, हे तुझ्याइतकं कुणाला कळणार? उद्यापासून मैदान आखायला ये."

गेले. फक्कीनं रेघा मारता मारता सामने लावणं, संघ नेणं, तक्रारी मिटवणं सगळं शिकले. पदवीनंतर जळगावला बी.पी.एड. करायचं ठरवलं, तेव्हा नाना सरांवरच उखडले. "सर, पोर जलमभर शिट्टी वाजाडी का?"

"वाजाडी ना! पन नाना, तिनी शिट्टीवर बठ्ठ्या पोरी पयतीन." तिच्या शिट्टीवर साऱ्या पोरी धावतील, असं सरांनी नानांच्याच बोलीत ऐकवलं.

"आन् लगीन?"

सरांनी खरोखरच विचार केला. "ते माले माहीत नई."

नानांना हसू फुटलं. मी जळगावला गेले.

भुसावळच्या एका शाळेत मी क्रीडाप्रमुख झाले. पहिल्या वर्षी अडलं की सरांना फोन लावायचे. उत्तर कधी मिळालं नाही, मिळायचा तो उलटा प्रश्न.

"सर, मुली सरावाला थांबतच नाहीत. घरचे नको म्हणत असतील."

"असं मुली म्हणाल्या, की तुला वाटलं?"

मग मी मुलींना विचारलं. कपडे बदलायच्या खोलीला आतून कडी नव्हती! कडी बसवली, त्या आठवड्यात अकरा मुली थांबल्या.

मागच्या वर्षी सरांना अर्धांगवायूचा झटका आला. ते दवाखान्यातून घरी आले, तेव्हा रजा टाकून मी चार दिवस शिंदखेड्याला राहिले. डॉक्टरांनी सांगितलेले व्यायाम रोज सकाळी मी करून घ्यायचे आणि सर शाळेतल्या पोरांसारखे आकडे चुकवायचे. "सर, आठ झाले. दहा नाही," मी दटावायचे. काकू, म्हणजे सरांच्या पत्नी, स्वयंपाकघरातून हसायच्या.

चौथ्या दिवशी भिंतीचा आधार सोडून ते अंगण ओलांडून फाटकापर्यंत गेले. फाटकाचा गज धरून उभे राहिले. कपाळावर घाम होता. त्यांना परत आणायला मी हात पुढे केला.

"थांबा मॅडम," सर म्हणाले. "माझा मी येतो."

इतक्या वर्षांत त्यांनी मला कधी अहोजाहो केलं नव्हतं. मी हात मागे घेतला आणि बाजूला झाले.