फ्रेम मोकळी करताना

साखरपुड्यात सेकंड कॅमेरावाल्याचं काम काय, असं कुणी विचारलं तर मी सरळ सांगतो, माणसं हटवणं. फोटो मेन कॅमेरावाला काढतो. तो स्टेजसमोर मधोमध उभा असतो. त्याच्या फ्रेममध्ये घुसणारे काका, आडवे येणारे मोबाईल, हे आपण बाजूला करायचे आणि उरलेल्या वेळात कोपऱ्यातून जमेल ते टिपायचं. नेवाशात माझा स्वतःचा स्टुडिओ होता. मोबाईल आले आणि तो बसला. तेव्हापासून मी दुसऱ्यांचा सेकंड. मेन माझ्याहून बारा वर्षांनी लहान आहे. तो 'काका, जरा ते बघा' म्हणतो आणि मी बघतो. गरजवंताला अक्कल नसते म्हणतात, ते काही खोटं नाही.

शेवगावचा साखरपुडा होता. मुलगी तिथली, मुलाकडचे संगमनेरचे. सुवासिनींनी कुंकू लावलं, मामीनं ओटी भरली आणि अंगठ्यांची वेळ आली. मेन म्हणाला, डावी बाजू मोकळी करा. डावीकडे एक बाई वाकून मुलीच्या पदराची घडी नीट करत होती. फिकी शेवाळी साडी, हात मोकळे, कपाळ मोकळं.

"मावशी, जरा मागं व्हा. फ्रेममध्ये येताय," मी म्हणालो आणि डाव्या हातानं खूणही केली.

घडी अर्धवट टाकून ती लगेच खाली उतरली. अशा वेळी हक्काचं माणूस भांडतं. मी मुलीची आत्या आहे, मी मुलाचा मामा आहे, असं ऐकवतं. ही भांडली नाही म्हणून मी समजलो, असेल कुणी लांबची. आणि खोटं कशाला बोलू, कपाळ मी पाहिलं होतं. अंगठ्यांच्या वेळी असं माणूस शेजारी दिसलं की मुलाकडचे नंतर कुरकुरतात, हे मला ठाऊक होतं. मला कुणी सांगितलं नव्हतं. मीच शहाणा. माझी स्वतःची आईही अशीच, लवकर कपाळ पुसलेली. माझ्या लग्नात ती कुठं बसली होती, ते मला आजही आठवत नाही.

फोटो पोचल्यावर आठवड्याभरात त्या मुलीचा फोन आला. माझा नंबर तिला मेननं दिला होता. फार अदबीनं बोलली. फोटो सगळे छान आलेत म्हणाली.

"काका, फक्त आईचा एकही नाही. माझ्याबरोबरचा एखादा तुमच्याकडं असेल ना?"

आई कुठली, असं मी विचारलं. शेवाळी साडी, ती म्हणाली, माझा पदर नीट करत होती बघा. वडील ती सातवीत असताना गेले. तेव्हापासून दोघींचा एकत्र असा एकही फोटो नाही, कारण आई कॅमेऱ्यासमोर उभीच राहत नाही. साखरपुड्याला दोन-दोन कॅमेरे आहेत, कुणीतरी काढेलच, म्हणून ती निर्धास्त होती. तो फोटो तिला सासरी न्यायचा होता. आईला तिथून कुणी हटवलं, हे अंगठ्यांच्या गडबडीत तिच्या लक्षात आलं नव्हतं. आईनं सांगितलंच नव्हतं.

बघून सांगतो म्हणालो आणि कॉम्प्युटर उघडला. एकेक फोटो मोठा करून पाहिला. एकात कोपर, एकात पदराचा काठ, दोन-तीनांत पाठ. चेहरा पूर्ण दिसेल असा एकच निघाला. त्यात ती थेट माझ्याकडं बघतेय आणि तिच्यासमोर माझाच डावा हात आहे, पुसट, चार बोटं, सरका म्हणणारी. तिच्या चेहऱ्यावर राग नाही. आपलंच काहीतरी चुकलं, असा भाव आहे. मला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

मी मुलीला फोन लावला आणि एकही फोटो नाही म्हणून सांगितलं. जनाची नाही तर मनाची तरी असावी, तीही नव्हती. वर तोंड करून हेही म्हणालो की लग्नात दोघींचा नक्की काढतो, ते माझ्याकडं लागलं. तेवढ्यावरही पोरगी खूश झाली.

लग्नही शेवगावातच झालं. मेननं मला सकाळपासून वरातीवर लावलं. अक्षता पडल्यावर मी आईला शोधायला निघालो. ती मांडवामागं, आचाऱ्याच्या भांड्यांपाशी बसली होती. चला, लेकीबरोबर एक फोटो काढू, असं म्हणालो. तिनं हात पुसले, पदर सारखा केला.

"चालंल ना भाऊ? कुणी काही म्हणायचं न्हाई ना?"

कोण काय म्हणणार, असं म्हणत मी तिला स्टेजच्या पायरीशी आणून उभं केलं. तेवढ्यात एक पुढारी आपली माणसं घेऊन स्टेजवर चढला. मेननं हाक मारली, उजवी बाजू मोकळी करा. दोन मिनिटं थांबा, असं तिला सांगून मी पळालो. पुढाऱ्यामागून सोसायटीवाले, त्यांच्यामागून मुलाचे मित्र. रांग तुटेचना. मी वळून बघायचो तेव्हा ती पायरीशी उभीच असायची, वर चढणाऱ्यांना वाट देत. मेनला एक शब्द बोलायची हिंमत मला झाली नाही. त्याला मी नको झालो, तर सेकंड मिळायला दहा आहेत. मग एकदा वळून पाहिलं तर ती तिथं नव्हती.

पाठवणीला काढू, अशी मी मनाची समजूत घातली. पण संगमनेर लांब, मुलाकडच्यांना घाई. लेक आईच्या गळ्यात पडली तेव्हा मी धावलो, तर मधे नुसते वर धरलेले मोबाईल. त्यांना हटवता हटवता गाडी हलली. उभा जन्म माणसं हटवण्यात गेला आणि नेमकी त्या वेळी मला चार माणसं हटवता आली नाहीत.

मांडवात ती खुर्च्यांवर राहिलेल्या मानाच्या टॉवेल-टोप्या गोळा करत होती. मी जवळ गेलो आणि कॅमेरा वर केला.

"मावशी, थांबा. तुमचा एक काढतो."

"आता एकटीचा काढून काय करू भाऊ?" ती म्हणाली. "लेक तर गेली. तुमी जेवला का?"

मी जेवलो नव्हतो. तिनं स्वतः ताट वाढून आणलं आणि मी खाली मान घालून जेवलो.