भाच्याचं तिकीट

भांडुपला डोंगराच्या बाजूला काही आयांनी मिळून आपल्या मुलांसाठी एक खोली भाड्याने घेतली आहे. अपंगत्व असलेली मुलं दुपारी तिथे असतात. व्यायाम करून घ्यायला फिजिओथेरपिस्ट येते, दोन मदतनीस बायका असतात. तेवढ्या वेळात आया झोपतात, बँकेची कामं करतात, किंवा काहीच करत नाहीत. माझी धाकटी बहीण त्यांच्यातली एक. तिच्या मुलाला सेरेब्रल पाल्सी आहे. तो व्हीलचेअरवर असतो, बोलत नाही. एखादी गोष्ट आवडली की लांब, मोठा आवाज काढतो. तो आवाज त्याला आवरता येत नाही.

खोलीचं भाडं वाढलं तेव्हा आमच्या गाववाल्यांच्या मंडळाने दशावताराचा खेळ लावायचं ठरवलं. तिकिटांचे पैसे खोलीला जाणार होते. मंडळाचे अध्यक्ष वयस्क, गिरणी बंद पडल्यावर रिक्षा चालवून संसार केलेले. पत्रक लिहायचं काम माझ्याकडे आलं. त्यांच्या मसुद्यात ‘निष्पाप जिवांसाठी’ असे शब्द होते. वर्तमानपत्रातल्या नोकरीच्या सवयीने मी ते काढले आणि ‘दुपारच्या केंद्रासाठी’ असं लिहिलं. ‘वाचून डोळ्यांत पाणी येऊक नको काय?’ असं म्हणत त्यांनी ते मान्य केलं.

बैठकीत त्यांनी कार्यक्रम वाचून दाखवला. आधी मुलांना स्टेजवर घ्यायचं, शाल-नारळ द्यायचा, फोटो काढायचा. मग खेळ.

“आणि खेळाच्या वेळी मुलं कुठे?” बहिणीने विचारलं.

“तेंका घराक न्या. रिक्षा मी सांगतंय.”

“नाटक नाही बघायचं त्यांनी?”

“अगो, तुझो झील मधीच वराडलो तर राजान काय करूचा?”

“राजा काय पाठ करून येतो, काका? दशावतार आहे ना?”

दोघंतिघं हसले. दशावताराला संहिता नसते. कथा ठरलेली असते, संवाद नट उभ्या उभ्या रचतात. अध्यक्षांना हे तिच्यापेक्षा जास्त ठाऊक होतं.

“लोक पैसे दितत ते खेळ बघूक,” ते म्हणाले. “एकदा खोळंबो झालो तर पुढच्या टायमाक कोण येतलो?”

“मग माझेपण पैसे घ्या. त्याचं एक तिकीट द्या.”

“ज्याच्यासाठी खेळ, तेकाच तिकीट?”

“हां. फुकट बसला तर तुम्ही उठवाल. तिकीटवाल्याला उठवता येत नाही.”

त्यांनी तिकीट फाडून दिलं. पैसे तिने टेबलावर ठेवले, ते त्यांनी बराच वेळ उचलले नाहीत.

घरी आल्यावर मी तिला म्हटलं, लोक वैतागून उठले तर खोली जाईल. ती भाजी निवडत होती.

“जाईल, माहितीये मला. पण तो कोणाला दिसू नये म्हणून लोक भाडं भरणार असतील ना, तर ती खोली नाही गं. माळा आहे. नको ते सामान टाकायचा.”

खेळ रविवारी दुपारी शाळेच्या सभागृहात झाला. सत्कार झाले, फोटो निघाले. इतर आया मुलांना घेऊन गेल्या. बहिणीने खुर्ची पहिल्या रांगेच्या टोकाला लावली आणि चाकांचे ब्रेक दाबले.

सुरुवातीचं गणपतीचं सोंग येऊन जाईपर्यंत भाचा शांत होता. मग राजा आला. मुकुट, तलवार, मागे एकच बाकडं, तेच सिंहासन. तो पहिलं वाक्य बोलला आणि भाच्याने आवाज काढला. सभागृह वळलं. राजाने तलवार रोखली. “आमच्या दरबारात आमच्या आधी कोण गर्जलो?”

मोठा हशा झाला. बहीण हसली नाही. भाचा मात्र आणखी जोरात ओरडला, आणि राजाला पुढचं काही सुचेना. मागून कोणीतरी म्हणालं, “न्या रे बाहेर त्याला.” एक गृहस्थ पत्नीला घेऊन निघून गेले. अध्यक्ष वाकून बहिणीच्या कानाशी आले. “जरा वाऱ्यार ने गो तेका. मगे परत ये.”

“खेळ संपला की नेते.”

“लोक उठतत.”

“उठू देत. आम्ही नाही उठणार.”

पुढच्या प्रवेशात राजाने विनोद केला नाही. भाच्याचा आवाज आला की तो थांबे, आवाज संपू देई, मग वाक्य पुरं करी. पखवाजवाल्याने त्या थांबण्यात हलकी थाप भरायला सुरुवात केली. हे ठरवून झालं की आपोआप, मला सांगता येणार नाही. राक्षस आला तेव्हा भाचा घाबरून रडला. बहिणीने त्याचं डोकं पोटाशी धरलं, तोंड पुसलं, पाणी पाजलं. ती जागेवरून हलली नाही. मागच्या काही खुर्च्या रिकाम्या झाल्या होत्या. बाकीचे लोक बसून होते.

खेळ संपल्यावर अध्यक्ष आभार मानायला माइकवर आले. कागद हातात होता. “तुमच्या उदार हस्तांमुळे ह्या मुलांच्या—” एवढं होतंय तोच भाच्याचा आवाज आला. अध्यक्ष थांबले. आवाज लांबला, तरी ते थांबले. तो संपला तेव्हा त्यांनी कागदावर पाहिलं. वाक्य कुठे सोडलं होतं ते त्यांना सापडेना. त्यांनी चष्मा पुसला, कागद खिशात घातला आणि पहिल्या रांगेच्या टोकाकडे पाहिलं.

“पुढच्या टायमाक,” ते म्हणाले, “ही पोरां सगळी खेळाक बसतली. आयांनी तिकिटां आधीच काढूची.”

बहिणीने ब्रेक सोडले.