फिफ्टीचा सरळ फोटो

बस चालवण्यात उभा जन्म गेलेल्या त्या माणसाला डेपोत सगळे फिफ्टी म्हणत. कारण उघड होतं. खिडकी उजव्या हाताला, दिवसभराचं ऊन त्याच गालावर. त्यामुळे उजवी बाजू करपून तांब्यासारखी झालेली आणि डावी पहिल्यासारखी गव्हाळ. नाकावरून जणू हद्द आखलेली, फिफ्टी-फिफ्टी. एरवी त्याला त्याचं काही नव्हतं, फक्त कॅमेरा दिसला की गडी तोंड फिरवायचा. घरातल्या झाडून सगळ्या फोटोंत तो शेजारच्या भिंतीकडे बघत उभा आहे.

आता लेकीला परदेशात नोकरी लागली. जाताना तिला बापलेकीचा एक सरळ फोटो हवा होता. कपडे राहिले तरी चालतील, पण फोटोशिवाय विमानात पाय ठेवणार नाही म्हणाली. फिफ्टीने ऐकून न ऐकल्यासारखं केलं. लेक त्याचीच, तिने पिच्छा सोडला नाही. स्टुडिओची वेळ ठरवली आणि दोन्ही गाल सारखे करायला ब्राँझर, म्हणजे त्वचा रापल्यासारखी दाखवणारी पावडर, घेऊन आली.

इथेच तिचं चुकलं. दुकानात तिने बापाच्या करपलेल्या गालाचा फोटो दाखवून त्याच रंगाची डबी मागितली होती. तो रंग उजळ गालावर लावला, तर विटेची भुकटी उधळल्यासारखं दिसायला लागलं. फिफ्टीने आरशात पाहिलं आणि बॉडीला गंज चढलाय एवढंच म्हणाला.

दुसऱ्या दिवशी तिने बापालाच दुकानात नेलं. काउंटरवरच्या बाईंनी त्याला दोन्हीकडून न्याहाळलं, पण हसल्या नाहीत, एवढं श्रेय त्यांना द्यायलाच हवं. त्या म्हणाल्या, रंग ज्या त्वचेवर लावायचा तिच्यावरून निवडायचा, तिच्याहून एखादी छटाच गडद; आणि लालसर झाक यांच्या पिवळट वर्णाला चालायची नाही. मग जबड्याला थोडंसं लावून त्यांनी त्याला दाराबाहेर उजेडात उभं केलं, कारण दुकानातल्या दिव्यांवर त्यांचा काडीचा भरवसा नव्हता. येणारे-जाणारे टकमक बघत होते. फिफ्टी सिग्नलला थांबल्यासारखा थांबला.

फोटोच्या दिवशी लेकीने त्याला खिडकीशी बसवलं. ब्रश डबीत टेकवला, झटकला आणि जिथे ऊन आधी लागतं तिथून सुरुवात केली: कपाळ, गालाचं हाड, नाक. मग कडा पुसट करत मानेपर्यंत. एक पातळ हात, त्यावर दुसरा. गॅरेजातही रंग असाच मारतात, फिफ्टी म्हणाला, एकदम जाड मारला की पोपडे येतात. काम फत्ते झालं. लेकीचा आनंद चेहऱ्यावर मावेना.

फिफ्टीने आरशात आधी उजवा गाल पाहिला, मग डावा.

"छान जमलंय," तो म्हणाला. "पण पुसून टाक."

लेकीने कपाळाला हात लावला. मग एवढा आटापिटा कशासाठी केला, असं तिने विचारलं.

"तुझी आई माझ्याच गाडीने कामाला जायची. डावीकडच्या पहिल्या सीटवर बसायची. लग्नाआधी तिने माझी हीच बाजू बघितली." त्याने डाव्या गालाला हात लावला. "ती गेल्यावरही उजवी काळी होतच राहिली. ही तेवढी तिच्या ओळखीची उरलीय. फोटो काढू आपण, पण असाच काढू."

लेकीला भडभडून आलं. तिने ओल्या फडक्याने बापाचा गाल पुसायला घेतला, पण भरल्या डोळ्यांनी तोही नीट पुसता येईना.

स्टुडिओत फिफ्टी आयुष्यात पहिल्यांदा कॅमेऱ्याकडे सरळ बघत बसला. फोटोवाल्याला वाटलं, एका बाजूला सावली पडतेय. त्याने दोनदा दिवा सरकवला, खुर्ची हलवली आणि शेवटी नाद सोडला.